नगरसुधारणा आणि लोकसंशय

काही महिन्यांपूर्वी महाविद्यालयात एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शहरांचा इतिहास आम्ही शिकवीत होतो. पॅरिसचे रुंद रस्ते, लंडनची गटारे, पटकीच्या साथी असा विषय चालला असता मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उठून उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, आता तिकडे लोकांना आपापल्या पेठेत कोंडून ठेवणार आहेत म्हणे. पंधरा मिनिटांच्या पलीकडे जायचे तर परवाना लागणार. हे खरे आहे का?" प्रश्न अगदी मनापासूनचा होता. वर्ग हसला, आणि सांगण्यास संकोच वाटतो, पण त्या हसण्यात आम्हीही सामील झालो. विद्यार्थी खाली बसला तो तास संपेपर्यंत मान वर न करता.

त्या रात्री आम्हांस आजीने सांगितलेली एक गोष्ट आठवली. ती तिला तिच्या आईकडून मिळालेली. मुंबईत प्लेगची पहिली साथ आली त्या वेळी आमच्या पणजीच्या धाकट्या भावास जांघेत गाठ आली. घरच्यांनी त्याला इस्पितळात न नेता गिरगावातल्या बिऱ्हाडी पोटमाळ्यावर, जुन्या पेट्यांच्या आड लपविले आणि तपासणीस आलेल्यांस तो गावी गेल्याचे सांगितले. कारण एकच: इस्पितळात माणसाला उलटे टांगून त्याच्या डोक्यातून 'मोमियाई' काढतात, अशी साऱ्या चाळीची पक्की खात्री होती. तो मुलगा तिसऱ्या दिवशी माळ्यावरच गेला. आजी ही गोष्ट सांगे तेव्हा आमच्या घरात कोणी हसत नसे. मग पणजीच्या वेळच्या भीतीस जे हसू आम्हांस आले नाही, ते विद्यार्थ्याच्या भीतीस का आले? हा प्रश्न आम्ही स्वतःस केला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता हा निबंध झाला.

प्रथम मूळ योजना काय आहे ते पाहू. कोलंबियात जन्मलेले आणि तरुणपणी फ्रान्समध्ये येऊन स्थायिक झालेले कार्लोस मोरेनो हे पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठातील प्राध्यापक. त्यांनी २०१६ मध्ये 'पाव तासाचे नगर' ही कल्पना मांडली. राहणे, काम करणे, जिन्नस खरेदी करणे, औषधपाणी, शिक्षण आणि करमणूक ह्या सहा गरजा माणसास आपल्या घरापासून पायी किंवा सायकलीने पंधरा मिनिटांत भागविता याव्यात, म्हणजे मोटारींचा धूर कमी होईल, रस्त्यावर फुकट जाणारा वेळ वाचेल आणि शेजारधर्म पुन्हा जागा होईल, असे तिचे सार. सोमवारपासून रविवारपर्यंतच्या पेठांचे पुणे ज्याने पाहिले आहे त्यास ह्यात फारसे नवल वाटणार नाही. वाणी, वैद्य, शाळा, देऊळ आणि भाजीबाजार हाकेच्या अंतरावर असणे ही जुन्या शहरांची सहजस्थितीच होती. ती मोडली विसाव्या शतकाने. घरे एकीकडे, कारखाने दुसरीकडे, बाजार तिसरीकडे अशी कामांची फाळणी करून त्यांना मोटारीच्या रस्त्यांनी जोडावे, असे त्या शतकातील पुष्कळ नगररचनाकारांचे मत पडले. ह्या मताच्या विरुद्ध बोलणारेही होतेच. अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी ह्यांनी १९२९ मध्ये शाळा मध्यभागी ठेवून पाव मैलाच्या टापूत वस्ती बसविण्याची कल्पना मांडली. जेन जेकब्स ह्या विदुषीने १९६१ मध्ये मोठ्या अमेरिकन शहरांच्या ऱ्हासावर ग्रंथ लिहून गजबजलेल्या, मिश्र वस्तीच्या गल्लीची कड घेतली. मोरेनो ह्यांचे म्हणणे ह्याच परंपरेतले. नवे होते ते नाव, आणि नावातला आकडा.

ही कल्पना जगभर पसरली ती २०२० साली. पॅरिसच्या महापौर आन हिदाल्गो ह्यांनी त्या वर्षीच्या निवडणुकीत ती आपल्या कार्यक्रमात घेतली आणि त्या पुन्हा निवडून आल्या. रिव्होली रस्ता बहुतेक खासगी मोटारींस बंद झाला, सायकलींचे मार्ग वाढले, काही शाळांची पटांगणे सुट्टीच्या दिवशी परिसरातील लोकांस मोकळी झाली. जुलैत मोठ्या शहरांच्या महापौरांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानेही तिचा पुरस्कार केला. परंतु हेच वर्ष महामारीचेही होते, हे वाचकांच्या ध्यानात असेलच. मार्चच्या मध्यास निवडणुकीची पहिली फेरी झाली, आणि त्याच महिन्यात फ्रान्समध्ये असा निर्बंध आला की नागरिकाने फिरण्यासाठी बाहेर पडावयाचे तर घरापासून एक किलोमीटरच्या आत, दिवसातून एक तास, आणि तेही स्वतः भरून सही केलेला कागद खिशात बाळगून. जूनच्या अखेरीस दुसरी फेरी झाली. म्हणजे 'घराजवळ राहणे किती सुखाचे' असे नगरपिते सांगत होते त्याच वसंत ऋतूत 'घराजवळच राहा, नाही तर दंड भरा' असे सरकार बजावीत होते. दोहोंचे हेतू भिन्न, अधिकारी भिन्न. तथापि सामान्य माणसाच्या स्मरणात दोन्ही गोष्टी एकाच खणात जाऊन बसल्या, तर त्यात त्याचा किती दोष?

ह्या स्मरणास पेट घेण्याची संधी मिळाली ती मात्र पॅरिसमध्ये नव्हे, इंग्लंडातील ऑक्सफर्ड शहरात. तेथे दोन स्थानिक संस्था आहेत: शहराची नगरपरिषद आणि भोवतालच्या परगण्याची परिषद. नगरपरिषदेने २०४० पर्यंतच्या विकास आराखड्याच्या मसुद्यात पंधरा मिनिटांच्या नगराची कल्पना घातली होती. परगणा परिषदेने वाहतुकीची कोंडी सोडविण्यासाठी निराळीच योजना केली, आणि २९ नोव्हेंबर २०२२ रोजी ती प्रयोगादाखल मंजूर केली. सहा ठिकाणी रस्त्यावर कॅमेरे बसवावयाचे. दिवसाच्या ठराविक वेळांत परवान्यावाचून तेथून खासगी मोटार गेली तर सत्तर पौंड दंड. शहरवासीयांस वर्षातून शंभर दिवसांचा परवाना मिळावयाचा. पायी जाणारा, सायकलवाला आणि बस ह्यांस कसलीच आडकाठी नव्हती. मोटारवाल्यासही शहराबाहेरच्या वळणरस्त्याने कोठेही जाता येणार होते. त्याला फक्त वळसा पडणार होता.

आता पाहा, ह्या दोन योजनांचे एक कसे झाले. एकीत 'पंधरा मिनिटे' हा शब्द, दुसरीत कॅमेरा, दंड आणि परवाना. दोन्ही एकत्र ओतल्यावर जी कथा तयार झाली ती अशी: शहराचे सहा तुकडे होणार, आपला तुकडा सोडून जावयाचे तर परवाना लागणार, हवामानाचे निमित्त करून कायमची टाळेबंदी येणार, आणि ह्यामागे जगातील धनाढ्यांचे एक गुप्त मंडळ आहे. दोन्ही संस्थांच्या कर्मचाऱ्यांस शिवीगाळ होऊ लागली. डिसेंबरात त्यांना संयुक्त निवेदन काढून सांगावे लागले की कोणासही कोठेही कोंडण्याचा विचार नाही. ९ फेब्रुवारी २०२३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात एका सभासदाने ह्या कल्पनेस आंतरराष्ट्रीय समाजवादी कल्पना म्हणून संबोधिले. १८ फेब्रुवारीस ऑक्सफर्डच्या रस्त्यांवर सुमारे दोन हजार लोकांचा मोर्चा निघाला. ज्यांनी ऑक्सफर्डचे रस्ते कधी पाहिले नव्हते असेही कित्येक त्यात होते. इकडे पॅरिसमध्ये मोरेनो ह्यांना जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. घराजवळ भाजी मिळावी असे म्हणणाऱ्या अध्यापकास लोक हुकूमशहा ठरवू लागले.

हा प्रकार अपूर्व आहे, सामाजिक माध्यमांच्या युगाचे हे अपत्य आहे, असे मत आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकतो. माध्यमांमुळे कंडीस पंख फुटले हे खरे. परंतु इतिहास चाळणाऱ्यास ही कंडी ओळखीची वाटते, आणि तिचे जुने बिऱ्हाड पॅरिसमध्येच सापडते.

१८३२ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस त्या शहरात पटकीचा शिरकाव झाला. रोग घाणीतून फैलावतो अशी तत्कालीन समजूत असल्यामुळे रस्त्यांवरील केरकचरा त्वरित उचलण्याची नवी व्यवस्था अधिकाऱ्यांनी केली. मक्तेदाराच्या गाड्या येऊन कचरा भरून नेऊ लागल्या. योजना आरोग्याची आणि हेतू शुद्ध. परंतु त्या कचऱ्यावर पोट भरणारा एक मोठा वर्ग पॅरिसमध्ये होता. चिंध्या, हाडे, काच आणि लोखंड रात्री वेचून ती विकणाऱ्या ह्या लोकांस कोणी विचारले नाही. एप्रिलच्या पहिल्या तारखेस त्यांनी दंगा केला आणि नव्या गाड्या जाळल्या. येथवरचे भांडण पोटाचे होते, आणि समजण्याजोगे होते. पण त्याच दिवसांत दुसरी वदंता उठली: पटकी वगैरे काही नाही, गरिबांची संख्या कमी करण्यासाठी सरकारच विष घालीत आहे. पोलिसांचे प्रमुख झिस्के ह्यांनी तिचे निवारण करावे, तर त्यांच्याच पत्रकात असे आले की काही दुष्ट लोक दारूच्या गुत्त्यांत आणि खाटकांच्या दुकानांत विष टाकण्याचा बहाणा करीत हिंडत आहेत. झाले! सरकारच कबूल करते म्हटल्यावर खात्री करण्यास काय उरले? ज्याच्या हाती बाटली किंवा पुडी दिसली तो विषारी ठरला, आणि काही निरपराध माणसांस जमावाने भर रस्त्यात ठार मारिले. त्या वर्षी पॅरिसमध्ये पटकीने अठरा हजारांवर माणसे मेली. पंतप्रधान काझिमिर पेरिये हेही त्याच रोगाने गेले. सरकार स्वतःच्याच प्रधानास विष घालीत नाही, हा युक्तिवाद मात्र कंडीपुढे टिकला नाही. कारण कंडीस युक्तिवादाची भूक नसते.

ह्या प्रसंगात जी दोन अंगे दिसतात तीच आम्हांस ऑक्सफर्डमध्येही दिसतात. एक खरी वेदना आणि एक खोटा हात. कचरा वेचणाऱ्याची भाकर खरोखरच गेली होती. ती कोणी गुप्तपणे विष कालवून घेतली नव्हती, उघड उघड मक्ता देऊन घेतली होती. ऑक्सफर्डच्या नाक्यावरील दुकानदारास गिऱ्हाईक कमी होईल अशी धास्ती वाटत होती, आजाऱ्याच्या शुश्रूषेस रोज गावाच्या दुसऱ्या टोकास जाणाऱ्यास वळशाची चिंता होती. ह्या गोष्टी हिशेबाने मांडण्यासारख्या आणि हिशेबाने सोडविण्यासारख्या होत्या. पुष्कळांनी आपल्या हरकती रीतसर नोंदविल्याही होत्या. परंतु एकदा जागतिक कारस्थानाचा डंका वाजू लागल्यावर त्यांचा आवाज कोणास ऐकू येणार? ज्याने साधा प्रश्न विचारावा तोही वेड्यांच्या जमावात मोजला जाऊ लागला. कारस्थानाच्या कथा अधिकाऱ्यांच्या शत्रू असतात असे वरवर दिसते. आमच्या मते बेपर्वा अधिकाऱ्यास त्यांच्याइतका सोयीचा मित्र दुसरा नाही. कारण खऱ्या तक्रारीचे उत्तर देण्याच्या कष्टातून त्याची त्या आयतीच सुटका करितात.

येथे कोणी म्हणेल की लोकांचा संशय नेहमीच खोटा असतो, असे तुम्हांस सुचवावयाचे आहे काय? मुळीच नाही, आणि हे दाखविण्यासाठी पुन्हा पॅरिसच पुरेसे आहे. १८५३ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने झॉर्झ-यूजेन ओस्मान ह्यांस सेन विभागाचे प्रिफेक्ट नेमिले. पुढील सतरा वर्षांत त्यांनी जुने पॅरिस चिरून त्यात सरळ, रुंद रस्ते काढिले, बागा केल्या, दूरच्या झऱ्यांचे पाणी आणण्यास आरंभ केला, आणि बेलग्रां ह्या अभियंत्याच्या साहाय्याने जमिनीखाली गटारांचे जाळे विणिले. आज जे पॅरिस पाहून प्रवासी मोहित होतात ते बव्हंशी ह्या काळाचे. परंतु त्या वेळच्या मजुराचे म्हणणे असे की हे रस्ते हवेसाठी नव्हेत, तोफांसाठी आहेत. अरुंद गल्लीत फरसबंदी उपटून मोर्चा बांधता येतो, रुंद रस्त्यात तोफेच्या तोंडी उभे राहावे लागते. १८३० आणि १८४८ च्या क्रांत्या ज्यांनी गल्ल्यांतून लढविल्या होत्या त्यांस हे सुचणे स्वाभाविक होते. बरे, हा नुसता भ्रम होता काय? ओस्मान ह्यांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे की सेबास्तोपोलच्या नव्या रस्त्याने दंग्याधोप्यांच्या जुन्या वस्तीचे पोट फाडिले गेले. रहदारी, आरोग्य आणि जमिनीचे भाव ही कारणे मोठी होती. तथापि लष्करी सोय हे कारण त्यांत नव्हते, असे म्हणता येणार नाही. भाडी वाढल्यामुळे हजारो गरीब कुटुंबांस बेलव्हिलसारख्या कडेच्या वस्त्यांत जावे लागले, हेही खरे. म्हणजे येथे संशयाने अर्धे सत्य पकडले होते.

ह्याच ओस्मान ह्यांच्या कारकीर्दीत संशयाचा दुसरा एक प्रकार पाहावयास मिळतो, आणि तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. झ्यूल फेरी हे त्या वेळी वकिली आणि वृत्तपत्रलेखन करीत. एवढ्या इमारतींस पैसा कोठून येतो, असा प्रश्न त्यांनी केला. त्यांनी गुप्त मंडळाच्या कथा रचल्या नाहीत. जमाखर्च काढून बसले. १८६८ मध्ये 'ओस्मानचे अद्भुत हिशेब' ह्या अर्थाच्या नावाने त्यांनी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि विधिमंडळाच्या संमतीवाचून शहराच्या डोक्यावर केवढे कर्ज चढविले गेले आहे ते आकड्यांनिशी दाखविले. हॉफमानच्या अद्भुत कथांच्या नावावर तो श्लेष होता, म्हणून पॅरिस हसले. पण आकडे श्लेषाचे नव्हते. विधिमंडळात चर्चा झाली, आणि १८७० च्या जानेवारीत ओस्मान ह्यांस पायउतार व्हावे लागले.

मजुराचा संशय आणि फेरी ह्यांचा संशय ह्यांत भेद कोणता? शंका आणि कुभांड ह्यांतला जो भेद, तोच. शंका कागद मागते आणि कागद दाखविला की शांत होते, किंवा चूक सिद्ध करून न्याय मिळविते. कुभांडास कागद दाखविला तर तो बनावट ठरतो. न दाखविला तर लपविला असे ठरते. शंकेस उत्तर असते, कुभांडास फक्त पुरावा असतो, आणि त्याच्या लेखी नकार हाही पुरावाच. परंतु ह्या दोन जाती जन्मतः निराळ्या नाहीत, हे विसरता कामा नये. ज्या शंकेस विचारण्याची जागा मिळत नाही, जिला हसून खाली बसविले जाते, ती नासून तिचे कुभांड होते. फेरी ह्यांस लेखणी होती, वृत्तपत्र होते, पुढे विधिमंडळही मिळाले. गल्लीतल्या मजुरास ह्यांपैकी काहीच नव्हते.

आमच्या मुंबईस तर ह्यांपैकी कशाचाही लाभ नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात अकासिओ व्हिएगश ह्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखिला. ६ ऑक्टोबरास म्युनिसिपल कमिशनरने जाहीरनामा काढून रोग्यास घरातून सक्तीने हलविण्याचा, घरे धुऊन जाळून शुद्ध करण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. त्याच महिन्यात राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्यास कोणी डांबर फासिले होते. पुढे दामोदर चापेकरांनी ते कृत्य आपले म्हणून सांगितले. लोकांत वदंता अशी की ह्या अपमानाची भरपाई म्हणून राणीने मुंबईकरांची काळिजे मागितली आहेत, आणि त्यासाठीच इस्पितळाची गाडी दारात येते. २९ ऑक्टोबर रोजी गिरणीकामगारांच्या हजारभर जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्यानंतरच्या हिवाळ्यात शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पळाली आणि रोगास आपल्याबरोबर घेऊन गेली. आमच्या पणजीचे कुटुंब पळाले नाही, त्याने पोटमाळा पत्करिला.

आता ह्या कथेतली वेदना कोणती आणि खोटा हात कोणता ते सहज ओळखता येईल. काळीज काढणारा हात खोटा होता. पण परक्या सरकारचा शिपाई, भाषा न जाणणारा, जात आणि पडदा न मानणारा, घरात शिरून आजाऱ्यास उचलून नेतो. नेलेल्यांपैकी बहुतेक परत येत नाहीत. प्रेताचे पुढे काय होते ते कळत नाही. ही वेदना अक्षरशः खरी होती. ह्याचा पडताळा लवकरच आला. हल्ल्यानंतर जाहीरनामा सौम्य करण्यात आला. पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या मंडळींस स्वतःची इस्पितळे काढू दिली, आणि तेथे आप्तांस रोग्याजवळ जाता येऊ लागले, तेव्हा विरोध पुष्कळ निवळला. औषध तेच, रोग तोच, डॉक्टरही पुष्कळदा तेच. बदलला तो फक्त दरवाजा: आत काय चालते ते पाहता येऊ लागले.

हा धडा मुंबईने पुरता घेतला असता तर बरे झाले असते. प्लेगनंतर १८९८ मध्ये शहरसुधारणेचे मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, कायद्याने स्थापन झाले. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट काढिला, सँडहर्स्ट रोड काढिला, दादर-माटुंग्याची आखणी केली. आज त्या रस्त्यांवरून जाताना आम्ही त्यास मनात धन्यवाद देतो. परंतु आरंभीच्या काळात मंडळाने पाडलेल्या खोल्या अधिक आणि त्या मोबदल्यात बांधलेल्या कमी होत्या. उठविलेली माणसे शेजारच्याच दाट वस्तीत शिरून ती अधिक दाट करीत. हवा खेळविण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेने दुसरीकडे श्वास कोंडला. मंडळाची संख्या लहान, त्यात लोकांच्या मतांनी आलेले थोडे. उठणाऱ्या भाडेकऱ्याचे मत घेण्याची चालच नव्हती. १९३३ मध्ये ते मंडळ नगरपालिकेत विलीन झाले. त्याने मागे दोन वारसे ठेविले: चांगले रस्ते, आणि 'सुधारणा' ह्या शब्दाविषयी गरिबाच्या मनात बसलेला धसका.

ह्या सर्व अंधाऱ्या इतिहासात एक प्रसंग असा आहे की तो आठवला म्हणजे मन प्रसन्न होते. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, पुढे नगररचनेचे आचार्य. १९१९ पासून १९२४ पर्यंत ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. आपल्या मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांस त्यांनीच इंग्लंडला अभ्यासास पाठविले. रस्ता रुंद करण्यासाठी सगळी आळी पाडण्याची रीत त्यांस मान्य नव्हती. एखादे पडके घर काढावे, एखादी मोकळी जागा साधावी, जुने झाड आणि विहीर राखावी, अशी जपून केलेली शस्त्रक्रिया ते सुचवीत. मुंबईस येण्यापूर्वी होळकरांच्या इंदूर दरबाराने त्यांस नगराची पाहणी करण्यास बोलाविले होते. १९१८ मध्ये त्यांचा दोन खंडांचा अहवाल निघाला.

त्या पाहणीच्या वेळी इंदुरास प्लेग होता. गेडिस नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडत. लोक त्यांच्याकडे बोट दाखवून काही कुजबुजतात, असे त्यांच्या लक्षात आले. सोबत्याकडे चौकशी करिता कळले की लोक म्हणतात, 'प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच!' विचार करा, रोग घालविण्यास आलेल्या माणसाच्या माथी रोगच मारिला गेला. दुसरा कोणी असता तर रागावला असता, किंवा हसला असता. गेडिस ह्यांनी ह्यांपैकी काहीच केले नाही. एक दिवसापुरता मला इंदूरचा महाराजा करा, अशी विनंती त्यांनी केली. आणि दिवाळीस एका मिरवणुकीची दवंडी पिटविली. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाईल? ज्या रस्त्यावरील घरे सर्वांत अधिक झाडलेली, दुरुस्त केलेली आणि रंगविलेली दिसतील त्याच रस्त्याने! मग काय विचारता? आळीआळींत चढाओढ लागली. साचलेला कचरा गाड्या भरभरून निघाला, उंदीर पकडले गेले, घराघरांस सफेदी झाली. मिरवणुकीत वाजंत्री होती, हत्ती होते, सुगीच्या गाड्या होत्या. घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता. त्यामागून शुभ्र कपडे घातलेले झाडूवाले सन्मानाने चालत होते. मग लक्ष्मी, कारागीर, फळाफुलांच्या गाड्या; घरोघर लावण्यास तुळशीची रोपे वाटण्यात आली. शेवटी राक्षस आणि उंदीर ह्यांचे दहन झाले. प्लेगचा जोर ओसरला. त्याचे एक कारण ऋतू पालटला हेही होते, आणि गेडिस ह्यांनी ते लपविले नाही. पण लोकांच्या नजरेत म्हातारा साहेब मात्र पालटून गेला.

ह्या प्रसंगाचे मर्म मिरवणुकीत आहे असे आम्हांस वाटत नाही. नाहीतर हल्लीच्या जाहिरातदारांसही गेडिस म्हणावे लागेल. मर्म असे की गेडिस ह्यांनी कुजबुजीतली शिवी सोडून दिली आणि भीती तेवढी उचलली. आपल्या घराचे काय होणार हे दुसरा ठरविणार, ही ती भीती होती. त्यांनी ठरविण्याचे काम घरवाल्याच्या हाती दिले. मिरवणूक माझ्या दारावरून जावी की न जावी हे माझ्या झाडूवर अवलंबून ठेविले. राजसत्तेचे संस्थान आणि परका तज्ज्ञ असतानाही हे साधले. मतपेटी आणि सभागृह हाताशी असलेल्या ऑक्सफर्डला ते सहजी साधले नाही, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

ह्याचा अर्थ असा नव्हे की दोष सगळा सुधारकांचा आणि कंडी पिकविणारे निर्दोष. पॅरिसच्या रस्त्यावर पुडी हातात असल्यामुळे ज्याचा जीव गेला त्यास जमावाच्या वेदनेचे विवेचन ऐकवून काय उपयोग? कंडी पिकवून गर्दी, मते किंवा पैसा मिळविणारे लोक त्या काळी होते आणि आजही आहेत. त्यांना इतिहासाने क्षमा करू नये. परंतु ते पेरणारे झाले. जमीन त्यांनी तयार केलेली नसते. ती तयार केलेली असते मागच्या पिढ्यांच्या फसवणुकींनी, न विचारता फिरविलेल्या नांगरांनी. धूर ओकणाऱ्या मोटारी कमी झाल्याच पाहिजेत, आपली शहरे पायी चालणाऱ्यास पुन्हा राहण्याजोगी झालीच पाहिजेत, ह्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. म्हणूनच, ज्यास ही कामे खरोखर टिकवावयाची आहेत त्याने कॅमेऱ्याच्या खांबाआधी जमाखर्चाची वही आणि प्रश्न विचारण्याची ओसरी मांडावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

पुढच्या आठवड्यात वर्गावर गेलो तेव्हा आम्ही त्या विद्यार्थ्याची सर्वांदेखत क्षमा मागितली आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले: नाही, कोणाला कोठेही कोंडणार नाहीत, परवाना मोटारीस होता, माणसास नव्हे, आणि ही भीती तुझ्या मनात का आली ते आता आम्हांस कळते. वरील सगळी हकीकत, पणजीच्या भावासुद्धा, त्यांस सांगितली. ह्या वेळी कोणी हसले नाही. तास संपता संपता तोच विद्यार्थी पुन्हा उठला. तो म्हणाला, "सर, आमच्या घरासमोरच्या भिंतीवर रस्तारुंदीची लाल रेघ मारून गेलेत. विचारायचे तर कुठे जायचे?"

आम्ही त्याला बसू दिले नाही. उभाच ठेवून त्या रेघेविषयी सर्व माहिती विचारून घेतली. नगरपालिकेकडे आराखड्याची प्रत मागणारा अर्ज त्याच्याबरोबर बसून आम्ही लिहिला आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.